चांदनीला साहेब येणारच नव्हता

जिजी,

तुम्ही गेलात त्या दुपारी मेंबर शेट आपल्या दारात आले. जोडे उंबऱ्याबाहेर काढले, भावजींच्या शेजारी सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "बाई मोठी होती. म्युनिसिपल कमेटीत दुखवट्याचा ठराव मांडतो." बायको आत निजवलेली, भावजींनी नुसती मान हलवली. मी दाराआड उभी होते. तुम्हाला अजून घरातून नेलंही नव्हतं आणि माझ्या मनात आलं ते हे, की हा माणूस ठराव कशासाठी मांडतोय? वार्डाची निवडणूक तोंडावर आहे म्हणून?

असं सारं चाललंय बघा. रडायचं सोडून मी येणाऱ्या-जाणाऱ्याची तोंडं वाचत बसले होते. कोण तुमच्यासाठी आलंय, कोण भावजींसाठी, कोण नुसतं बघायला. तुमच्याबरोबर एका छपराखाली इतकी वर्षं काढली, त्याचा हा परिणाम. तुम्ही मला संशय घ्यायला शिकवलंत, आणि आता तो तुमच्यावरही घ्यायची वेळ आली आहे.

तुमची धाकटी जाऊ म्हणून मी या घरात आले तेव्हा तुम्हाला घाबरायची. मी जैनाबादची, नदीपलीकडची, चार शब्द जपून बोलणारी. तुम्ही धूलकोटकडच्या शेतकऱ्याची लेक. बाजारातही तुमचा आवाज आधी पोहोचायचा आणि तुम्ही मागून. केळीवाला म्हणाला, घड झाडावर पिकला आहे, की तुम्ही म्हणायचात, "तू झाडावर बसला होता का पाहाले?" गल्लीतून प्रभातफेरी निघाली की आपण दोघी ओट्यावर उभ्या राहायचो. सगळ्यात मोठ्यानं घोषणा देणाऱ्याकडे बोट दाखवून तुम्ही माझ्या कानात सांगायचात, "हा पोलिसाचा माणूस." एकदा ते खरं निघालं. बाकीच्या वेळी बिचाऱ्यांचा नुसता गळाच मोठा होता. तुम्हाला मात्र ते एकदाचं पुरलं.

मग त्या उन्हाळ्यात दवंडी आली. आपल्या मोहल्ल्याच्या कुंडीचं पाणी खराब झालं आहे, कमेटी तिचं तोंड बांधून बंद करणार, बायांनी पाणी नदीवरून आणावं. बादशाही काळापासून डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून गावात येतं, आणि त्या नहरीवर उघडणारी, विहिरीसारखी आपली एक कुंडी. तिच्यावर आपली गल्ली जगत होती, आणि मागची मोमिनांची, विणकरांची गल्लीसुद्धा. पोरं आजारी पडली होती हे खरं होतं. माझी शांता तर दोन दिवस डोळे पांढरे करून पडली होती. मला वाटलं, असेल पाणी खराब. तुम्ही कंबरेवर हात ठेवून दवंडीवाल्यालाच विचारलंत, "पाणी खराब आहे तर नहर बंद करा ना. तोंड कायले बंद करता? आमच्या कुंडीतून निघालं नाही तर ते पाणी पुढे कुठं जाईल?"

दवंडीवाला दवंडी पिटत पुढं निघाला. पण गल्लीतल्या सगळ्यांची मान एकदम एकाच दिशेला वळली. नहरीवर आपल्या पुढे मेंबर शेटचं जिन होतं, कपाशीतून सरकी काढायचा कारखाना.

तुम्ही याला कधी राजकारण म्हटलं नाहीत. तुम्ही म्हणालात, "चला, विचारून येऊ." मेंबर शेटलाच विचारलं, ते म्हणाले डॉक्टरला विचारा. डॉक्टर म्हणाला कमेटीला विचारा. कमेटीच्या कचेरीत आमचे हेच कारकून. ते मान खाली घालून म्हणाले, "वहिनी, वरून हुकूम आहे." तुम्ही परत आलात आणि बाया जमवल्या. आपल्या गल्लीतल्या चार जणी आणि मागच्या गल्लीतली जैबूनबी. तिच्याकडे आपण दोघी गेलो होतो तेव्हा तिनं माग थांबवला होता. म्हणाली, "बाई, आज पानी के वास्ते बुला रे. कल वोट के वास्ते बुलाएंगे. परसों पहचानेंगे बी नहीं." तुम्ही तिच्यावर रागावला नाहीत. उलट खूश होऊन मला म्हणालात, "ही कामाची बाई आहे."

नदीपलीकडे पाहणीला आलेला जिल्ह्याचा साहेब लालबागच्या बंगल्यात उतरला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सरळ त्याच्यासमोर जाऊन उभं राहायचं, असं आपल्या स्वयंपाकघरात ठरलं. एकाच खोलीत दोन भिंतींना आपल्या दोघींच्या दोन चुली होत्या, त्यांच्या मधल्या जागेत सगळ्या बसल्या होत्या. कोणाला सांगायचं नाही, असं तुम्ही प्रत्येकीकडून वदवून घेतलंत. भावजी तेव्हा पलीकडच्या खोलीत जेवल्यावर आडवे झाले होते. त्यांचा कोणी विचारही केला नाही.

लालबागच्या फाटकावर पोलीस आधीच उभे होते. शेटचा मुनीमही होता, छत्री घेऊन. "साहेब नाहीत, दौऱ्यावर गेले. बायांनी घरी जावं." आतून तर साहेबाच्या कुत्र्याचं भुंकणं ऐकू येत होतं. येताना तुम्ही पुढं चालत होतात. तुम्ही एकदाच वळून माझ्याकडे बघितलंत. जिजी, ती नजर मी आजही अंगावरून काढू शकलेली नाही. माझा नवरा कमेटीत. बातमी मीच फोडली असं वाटायला आणखी काय पाहिजे होतं?

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले, तुम्हाला कधी सांगितलं नाही. दोन चुलींमध्ये दोन हातांचं अंतर, आणि तुम्ही माझ्याकडे चिमूटभर मीठसुद्धा मागत नव्हता. शेजारणीकडे जाऊन आणायचात. त्यातच एकदा तुम्ही माझ्या चुलीवर उकळतं पाणी पाहिलंत. दूध नाही, डाळ नाही, नुसतं पाणी. शांतासाठी मी कुंडीचं पाणी उकळत होते. तुम्ही सगळ्या गल्लीसमोर त्याच पाण्याचा तांब्या गटागटा पिऊन दाखवला होता. तुम्ही पातेल्याकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत, आणि निघून गेलात. तुम्हाला वाटलं असणार, ही त्यांच्यातलीच. आणि मला वाटत होतं, माझ्या पोरीचा जीव मी कोणाच्याच म्हणण्यावर का सोपवू, तुमच्या तरी का?

मीही मग गप्प बसले नाही, मनातल्या मनात. मी म्हटलं, संशयच घ्यायचा तर तुमच्याच घरचा का नको? भावजींचं सुताचं दुकान शेटच्या आवारात आहे. शेट म्हणेल तेव्हा उघडायचं, म्हणेल तेव्हा बंद. हे बोलायला तोंड उघडलं होतं एकदा, पण तुम्ही पाठ करून भाकरी थापत होतात आणि तुमचे खांदे इतके थकलेले दिसले, की मी ते गिळलं.

मग एक दिवस तुम्ही स्वतःहून माझ्याजवळ आलात. म्हणालात, "धाकटे, साहेब परवा चांदनीला उतरणार आहे. आपण दोघीच जाऊ. कोणाले सांगू नको, तुझ्या नवऱ्याले पण नाही." मला इतका आनंद झाला की माझे डोळे भरून आले. तुम्ही पुन्हा माझ्यावर भरवसा ठेवला होता. मी कोणाला म्हणजे कोणालाच सांगितलं नाही. यांना म्हटलं, माहेरी निरोप द्यायला जाते.

चांदनीच्या स्टेशनात आपण उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. फलाटावर एक हमाल झोपला होता आणि शेळ्या फिरत होत्या. साहेब नव्हता. शिपाई नव्हता. मुनीम नव्हता. आपण लिंबाखाली बसून राहिलो. मला वाटलं तुम्ही चिडाल, पण तुम्ही फडकं सोडलंत, भाकरी काढलीत, ठेचा माझ्याकडे सरकवलात, आणि माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केलीत. शांताच्या तब्येतीची केलीत. परतीच्या गाडीची वाट बघताना तुम्ही चक्क गुणगुणत होतात. मी म्हटलं, "साहेब आला नाही याचं तुम्हाला वाईट नाही वाटलं?" तर म्हणालात, "न येऊ दे. बरं झालं." त्या संध्याकाळी माझ्या चुलीकडे हात पुढे करून तुम्ही म्हणालात, "मीठ दे गं." मला वाटलं, प्रवासानं मन मोकळं झालं असेल.

जिजी, तुमच्या तेराव्याला जैबूनबी आली होती. मागच्या दारानं आली, कारण पुढं शेटची माणसं बसली होती. चांदनीचा विषय मीच काढला, सहज, तुमची आठवण म्हणून. ती म्हणाली, "कौन सा साहब? साहब का तो चांदनी आने का था इच नहीं. तेरी जिठानी ने मेरे कू बोला था, छोटी को अकेली को बताती मैं. पुलिस आई तो वो. नहीं आई तो घर में कोई और." मी हातातली वाटी खाली ठेवली.

तुम्ही माझी परीक्षा घेतलीत. लिंबाखाली बसून, माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करत, तुम्ही रस्त्यावर पोलीस येतात का बघत होतात.

दोन दिवस मी तुमच्यावर इतकी रागावले होते की तुमच्या नावाचा दिवा शांताला लावायला सांगितला. का नाही विचारलंत मला सरळ? तोंडावर विचारलं असतंत, "तू सांगितलंस का?" तर मी रडले असते, भांडले असते, पण एक दिवस. तुम्ही विचारलं नाहीत. आणि निर्दोष ठरल्यावर सांगितलंही नाहीत. मग राग उतरला तेव्हा दुसरी गोष्ट दिसली. त्या नजरेनंतरही तुम्ही मला टाकून दिलं नाहीत. सगळी गल्ली कुजबुजत होती, ही कमेटीवाल्याची बायको, हिला बाहेर काढा. तुम्ही मात्र तिकिटाचा खर्च केलात, दिवस घालवलात, भाकरी बांधून घेतलीत, की बघू तरी खरं काय आहे. माझ्यासाठी एवढं माझ्या सख्ख्या माणसांनीही केलं नव्हतं. हे प्रेम होतं का, ते मला ठरवता येत नाही. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "चौकशी होती."

आणि "घर में कोई और."

चांदनीनंतर बायांच्या बैठका आपल्या स्वयंपाकघरातून हलल्या, जैबूनबीच्या मागाच्या खोलीत गेल्या. मला वाटायचं, अजून माझ्यापासूनच लपवतात. पण मला तर तुम्ही प्रत्येक वेळी हाताला धरून नेत होतात! मी इतकी कशी आंधळी? बैठकीची जागा बदलली होती ती दुसऱ्या कोणापासून लपवायला.

गवंडी आले त्या दिवशीचं काय सांगू, ते तर तुम्हीच घडवलंत. चुना, विटा घेऊन माणसं कुंडीवर आली आणि तिथं पहाटेपासून बाया पाणी शेंदत होत्या. हंडा भरला की घरी, रिकामा केला की परत. पाणी अंगणात ओतलं, झाडांना घातलं, गल्ली धुतली, पण बादली थांबू दिली नाही. गवंड्याला वीट ठेवायला जागाच मिळेना. दुपारी आपल्या बाया दमल्या तेव्हा मागच्या गल्लीतल्या आल्या, आणि तिथं गोष्ट अडली. एक दोरी दोघींनी धरायची कशी, हिची शिवाशिव, तिच्या घरच्यांची बोलणी. एक म्हातारी म्हणालीच, "यात यांचाच काहीतरी डाव असेल." पलीकडूनही कोणीतरी नेमकं तेच म्हणालं. तुम्ही जैबूनबीच्या हातातली बादली घेतलीत, आपल्या दोरीला बांधलीत, सोडलीत, ओढलीत, आणि म्हणालात, "संशय घ्या ना, कोण नको म्हणतं. पण हात चालू ठेवून घ्या." सूर्य मावळला तेव्हा गवंडी विटा परत गाडीत भरत होते. दुसऱ्या दिवशी आले, बघितलं, आणि गेले ते गेलेच. कुंडी आजही उघडी आहे.

त्या आठवड्यात यांना कचेरीतून सांगण्यात आलं, ज्याच्या घरच्या बाया आवरत नाहीत त्यानं कामावर येऊ नये. मी तुमच्यावर ओरडले.  संध्याकाळी बघते तो माझ्या चुलीतली लाकडं तुमच्या चुलीपाशी. "दोन चुली पेटवाले लाकूड कुठं आहे?" एवढंच म्हणालात. यांना शाळेत काम मिळेपर्यंत आम्ही तिघं तुमच्याच ताटात जेवलो, आणि तुम्ही ते एकदाही बोलून दाखवलं नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात कुंडीचं पाणी बारीक झालं. मी म्हटलं, पाऊस कमी झाला. तुम्ही म्हटलंत, शेटनं वरच्या अंगाला नहर फोडून पाणी बाजूनं नेलं. ते भांडण आपण दर चैत्रात नव्यानं भांडलो. पुरावा तुम्हाला सापडला नाही, तुमचं म्हणणं मला पटलं नाही. पाणी खरंच खराब होतं की नव्हतं, तेही कधी कळलं नाही. जिजी, मी अजून उकळूनच पिते. आणि तुम्ही कधी न उकळता आजारी पडला नाहीत, हेही खरं.

तेरावं झाल्यावर तिसऱ्या दिवशी मी भावजींना विचारलं. ते ओसरीवर सुताच्या लडी उलगडत बसले होते. मी उभ्या उभ्या विचारलं, "लालबागचं तुम्ही सांगितलं होतं ना?"

त्यांचे हात चालूच राहिले. मग म्हणाले, "मुनीमजीला बोललो होतो. त्या दिवसांत बायांनासुद्धा जेलात घालत होते. म्हटलं, आधी कळलं तर फाटकातूनच परत पाठवतील. आत गेली असती तर ही साहेबासमोर काय बोलली असती, तुला ठाऊक आहे."

"का दुकान गेलं असतं म्हणून?"

"ते पण," ते म्हणाले.

मी विचारलं, "जिजींना कळलं होतं?"

"चांदनीहून आली त्या दिवशी ताट वाढलं आणि म्हणाली, 'आता मले काही विचारत जाऊ नका. मी खोटं बोलणार नाही, आणि खरं सांगणार नाही.' मी मग कधी विचारलं नाही." त्यांच्या हातातली लड गुंतली होती. ती सोडवायचा प्रयत्न न करता त्यांनी ती बाजूला ठेवली.

तुमच्यासाठी भ्याले होते की दुकानासाठी, मला कळत नाही. तुम्ही गेल्यावर माणूस स्वतःबद्दल बरं तेच आठवत असेल. पण "ते पण" म्हणाले, ते त्यांना म्हणायची गरज नव्हती. तुम्ही त्यांच्याबरोबर त्यानंतर इतकी वर्षं राहिलात, त्यांचं जेवणखाण, दुखणंखुपणं सगळं केलंत. तुम्ही त्यांना माफ केलं होतं, की नुसतं लक्ष ठेवून होतात? हे विचारायला आता कोणी उरलं नाही.

एक भांडण तेवढं माझ्या बाजूनं राहिलंय. मत घर नावावर असणाऱ्यालाच मिळतं; सासऱ्यांनी घराचे दोन वाटे दोघी सुनांच्या नावावर केले म्हणून आपल्या दोघींना मत आहे. गल्ली तुम्हाला म्हणत होती, निवडणुकीत शेटच्या समोर तुम्ही उभ्या राहा. तुम्ही नाही म्हणालात. मला फार राग आला होता. मी म्हटलं, "दुसऱ्यावर संशय घेणं सोपं आहे, जिजी. स्वतः उभं राहून दाखवा." तुम्ही म्हणालात, "त्या खुर्चीवर बसून माणसाचं काय होतं ते पाह्यलं ना आपण? मी काय निराळ्या मातीची? माझा माझ्यावरच भरवसा नाही, धाकटे." मी म्हटलं, हा पळपुटेपणा आहे. तुम्ही हसलात. मग ताप आला.

मला अजून वाटतं तुम्ही चुकलात. ज्याला स्वतःचीच शंका येते त्यानंच तिथं बसायला पाहिजे. हे वाक्य मला तेव्हा सुचलं नाही, तुम्ही गेल्यावर सुचलं.

काल दुपारी बाया आल्या, जैबूनबीला पुढं घालून. म्हणाल्या, आता तू उभी राहा. मी लगेच हो म्हणाले. मला वाटलं त्या खूश होतील. एकीच्याही चेहऱ्यावर आनंद दिसला नाही. त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मला पहिल्यांदाच बघतात.

"इतनी जल्दी हां बोली?" जैबूनबी म्हणाली. "जीत के बदल गई तो?"

मी म्हटलं, "तर माझ्या दारात येऊन बसा."

"बाद में कायकू? अभीच बैठते." आणि ती माझ्या उंबऱ्यात फतकल मारून बसली. तिच्या मागं बाकीच्या, ओट्यावर, पायरीवर, जागा मिळेल तिथं. यांना शाळेतून घरात यायला वाट राहिली नाही, ते रस्त्यावरच उभे राहिले. मीही मग खाली बसले, त्यांच्या समोर.

"बोल," जैबूनबी म्हणाली, "तेरा मरद आजकल किसके साथ उठता-बैठता?"

आमचे हे रस्त्यातून सगळं ऐकत होते. जिजी, मी त्यांच्यादेखत खरं काय ते सांगायला सुरुवात केली.